गाठोड्यांचा रकाना

“मावशी, मला एक खरं सांगा. ही तुमची गाठोडी परदेशी आहेत का हो?”

डाएटवाल्या मॅडमनी हे विचारलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजत होते. दुपारच्या जेवणाला चारशे गाठोडी लागायची. त्यातली जेमतेम सव्वाशे वळून झाली होती आणि मावशींचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठाने माखलेले होते. त्यांना वाटलं, कोणीतरी तक्रार केली. इतक्या वर्षांनंतरही वरच्या मजल्यावरचं कोणी खाली स्वयंपाकघरात उतरलं की मावशी आधी आपलं काय चुकलं ते शोधायच्या.

“का? केस निघाला का कुणाच्या ताटात?”

“नाही हो!” मॅडम स्टूल ओढून बसल्या. त्या मावशींच्या लेकीपेक्षाही लहान होत्या आणि या दवाखान्यात त्यांना अजून वर्षही झालं नव्हतं. “पेशंटच्या जेवणाच्या फॉर्मवर तीन रकाने असतात ना? नेहमीचं, पथ्याचं आणि परदेशी. तुमची गाठोडी पहिल्यापासून परदेशीत. आता वरून पत्र आलंय, जे पदार्थ सगळेच खातात ते परदेशीतून काढा आणि नेहमीच्या रकान्यात टाका. मी तीन महिन्यांचे फॉर्म काढून बघितले. निम्म्याहून जास्त पेशंट गाठोड्यांवर खूण करतात. मग ती परदेशी कशी? शुक्रवारपर्यंत कळवायचंय, आणि तुमचं मत लिहून जोडायचंय.”

मोठ्या शेगडीपाशी उभ्या असलेल्या मुख्य आचाऱ्याने तिथूनच तोंड घातलं. साध्या ‘मीठ दे’ला सुद्धा तो हुकूम सोडल्यासारखा ओरडायचा, म्हणून सगळे त्याला मेजर म्हणत.

“परदेशी कसली डोंबलाची! माझी पोरं वाढदिवसाला तेवढंच मागतात. बायको म्हणते, तुम्ही एवढे आचारी, तुम्हाला साधी गाठोडी येत नाहीत?”

“आणि बटाटा?” भांडी घासणाऱ्या काकूंनी नळ बंद केला. “तोसुद्धा कुठूनसा बोटीत बसून आला म्हणे. त्याला विचारलं का कुणी, बाबा रे, तू कुठला?”

सगळे हसले. मावशीही हसल्या. मॅडम मात्र जो तो आपापल्या कामाला लागल्यावर हळूच म्हणाल्या, “एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगते, मागून कळायला नको. कागदोपत्री तुमची जागा ‘परदेशी पदार्थांची स्वयंपाकीण’ अशी आहे. गाठोडी नेहमीच्यात गेली की ती मोठ्या स्वयंपाकघराची होतील. मग हा कोपरा, ही शेगडी वेगळी ठेवायचं कारण उरणार नाही. आणि तुम्ही रिटायर झालात की तुमच्या जागी दुसरं कोणी घेणार नाहीत.”

“रिटायरला आठ महिने आहेत माझ्या.”

“माहीत आहे मला. म्हणून तर विचारतेय. तुम्ही ‘परदेशीच राहू द्या’ म्हणालात तर मी तसं लिहीन.”

“विचार करून सांगते,” मावशी म्हणाल्या आणि पुढची पारी हातात घेतली.

तो कोपरा म्हणजे काय होता, हे मॅडमना सांगून कळलं नसतं. दोन बर्नरची एक शेगडी, वाफेचं एक उंच भांडं, पत्रा मारलेलं टेबल आणि धुराडं नसल्यामुळे कायम अर्धी उघडी ठेवलेली खिडकी. एवढंच. पण या सगळ्या शहरात मावशींनी जर कुठल्या जागेला मनातल्या मनात ‘माझी’ म्हटलं असेल तर ती हीच. राहतं घर सुद्धा आधी नवऱ्याचं आणि मग लेकीचं वाटायचं.

एकोणतीस वर्षांपूर्वी मावशी नवऱ्याबरोबर या देशात आल्या. त्याला दवाखान्याच्या लॉन्ड्रीत काम मिळालं आणि पुढल्या वर्षी त्यांना वॉर्डातली जेवणाची ताटं गोळा करण्याचं. भाषेचा पत्ता नव्हता. कोणी ‘लवकर’ म्हटलं की त्या ‘नको’ समजायच्या आणि ताट तिथेच ठेवून यायच्या. पण बोलण्यापेक्षा जेवायची वेळ जास्त अवघड होती. घरून डब्यात आणलेली गाठोडी उघडली की आजूबाजूच्या बायका नाकाला पदर किंवा रुमाल लावायच्या. त्यात दुष्टावा नव्हता. वास होताच तसा. मुरवलेल्या पाल्याचा तो आंबूस, उग्र वास मावशींना आईच्या हाताचा वाटायचा, इतरांना गटाराचा. मग त्या स्टोअररूममध्ये, मैद्याच्या पोत्यांच्या मागे बसून जेवू लागल्या. पाच मिनिटांत, न चावता.

तिथेच एके दिवशी स्टोअरकीपरनी त्यांना पकडलं.

पकडलं म्हणजे, ते पोती मोजायला आले आणि एका पोत्यामागून डोकं वर आलं. ते दचकले, मावशी दचकल्या. आता काम गेलं, असं समजून त्या डबा झाकायला लागल्या, तर ते खाली उकिडवे बसले आणि बोटाने डब्याकडे दाखवत म्हणाले, “काय आहे?”

मावशींनी नाव सांगितलं. ते चार अक्षरी होतं आणि मधलं एक अक्षर घशाच्या पार तळातून काढावं लागायचं. स्टोअरकीपरनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा त्यांना ठसका लागला. मग त्यांनी नाव सोडून दिलं आणि सरळ एक उचलून तोंडात टाकलं. डोळ्यांत पाणी, कान लाल, जिभेला मुंग्या. पाण्यासाठी धावत गेले, ते परत आले आणि दुसरं उचललं.

“चव झकास आहे,” ते हातवारे करत म्हणाले, “पण माणूस मरेल. जरा कमी कर ना. हे,” त्यांनी कान धरून दाखवला, “आणि हे,” नाक धरून दाखवलं.

त्याच आठवड्यात त्यांनी स्टोअरमधून मैदा, कोबी, गाजर, कांदा आणि आलं काढून दिलं. मावशींनी मुरवलेला पाला वगळला, जिभेला मुंग्या आणणाऱ्या दाण्यांऐवजी मिरपूड घातली, कोबी गोडसर होईपर्यंत परतला. आईने बघितलं असतं तर म्हणाली असती, आजाऱ्याचं जेवण केलंस. पण ते आजाऱ्यांसाठीच होतं. स्टोअरकीपर तेव्हाच्या साहेबांच्या मागे लागले, बुधवारी बुधवारी करून बघू, फुकट गेलं तर मी खाईन. पहिल्या बुधवारी अकरा जणांनी घेतलं. उरलेलं त्यांनी खरंच खाल्लं.

‘गाठोडी’ हे नावही त्यांचंच. पिठाच्या पारीत सारण भरून वर चिमटून बांधलेली, वाफेवर शिजलेली ती पुडी त्यांना कपड्याच्या गाठोड्यासारखी दिसली. हळूहळू बुधवारचा सोमवार-बुधवार झाला, मग रोजचंच झालं. ताटं उचलणाऱ्या बाईला स्वयंपाकिणीची जागा मिळावी म्हणून अर्ज स्टोअरकीपरनीच लिहिला. मावशींनी त्यावर सही केली ती त्यांच्याकडेच शिकलेल्या अक्षरांत. पोत्यांवर छापलेलं वाचत त्या वाचायला शिकल्या होत्या. ‘मीठ’ हा त्यांनी या भाषेत वाचलेला पहिला शब्द. दुसरा ‘मैदा’. तिसरा ‘ओलाव्यापासून जपा’, आणि तो यायला त्यांना दोन महिने लागले.

मॅडम गेल्या त्याच दिवशी अकरा वाजता फॉर्मचा गठ्ठा खाली आला. परदेशी रकान्यात खूण केलेले फॉर्म वेगळे काढणं हे मावशींचं रोजचं काम. त्यात एक फॉर्म चुकून आला होता. त्यावर कुठेच खूण नव्हती. वॉर्ड चार, खाट नऊ. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘तीन दिवस काही घेत नाहीत.’ मावशींनी सवयीने नाव वाचलं आणि फॉर्म हातातच राहिला.

स्टोअरकीपर रिटायर झाल्याला अकरा वर्षं झाली होती. सुरुवातीला मावशी त्यांच्या घरी जायच्या. मग ते गावाबाहेर राहायला गेले, मावशींचा नवरा आजारी पडून गेला, लेकीचं लग्न झालं. जाऊ, जाऊ म्हणत पाच-सहा वर्षं निघून गेली होती.

दुपारचं वाटप संपल्यावर मावशी एप्रन काढून वर गेल्या. खाट नऊवर माणूस होता की नुसतं पांघरूण, लांबून कळत नव्हतं. शेजारी पोस्टात काम करणारी त्यांची लेक बसली होती. तिने मावशींना ओळखलं आणि उठून खुर्ची दिली.

“बाबा, बघा कोण आलंय.”

त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ बघितलं.

“गाठोडी,” ते म्हणाले. मावशींना ते याच नावाने हाक मारायचे. “तू अजून इथंच? मला वाटलं, मालकीण झाली असशील कुठल्या हॉटेलची.”

“तुम्ही अर्ज लिहून दिला नाहीत, काका. मग कशी होणार?”

ते हसले. हसताना छातीत काहीतरी अडकलं आणि ते पुन्हा आडवे झाले. त्यांच्या लेकीने बाहेर आल्यावर सांगितलं, हृदय थकलंय, डॉक्टर म्हणतात थोडे दिवस घरी नेता येईल, पण आधी पोटात काही जायला हवं. सूप तोंडाशी नेलं की मान फिरवतात. भात बघतसुद्धा नाहीत.

“उद्या नको, परवा,” मावशी म्हणाल्या. “परवा मी त्यांच्यासाठी काहीतरी करून आणते. मॅडमना विचारून.”

जिने उतरताना त्यांच्या मनाने पक्कं केलं होतं. या माणसाला आपण वर्षानुवर्षं पातळ केलेली, सोपी केलेली गोष्ट खायला घातली. खरी गाठोडी त्याने आयुष्यात एकदाच खाल्ली, पोत्यांमागे बसून, आणि तीही झाकायच्या घाईतल्या डब्यातून उचललेली. आता मात्र आईने केली असती तशी, काही न वगळता करून द्यायची. त्याचे उपकार फिटायचे नाहीत, पण निदान अस्सल चीज तरी त्याच्या तोंडात पडेल.

मुरवलेल्या पाल्याची बरणी मिळवायला मावशींच्या लेकीला शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं. त्यांच्या देशातल्या लोकांचं एकच छोटंसं दुकान तिथे होतं. बुधवारी संध्याकाळी लेकीने झाकण उघडलं आणि घरभर वास पसरला.

“आई गं,” लेक म्हणाली, “बाबा आले घरात.”

मावशींनी बरणी जवळ ओढली. मग एकीने पारी लाटली आणि दुसरीने सारण भरलं.

मॅडमनी सांगितलं होतं, मीठ अगदी कमी आणि दोनच घास, मुंग्या आणणारे दाणे तर फक्त नावाला. मावशींनी तेवढं पाळलं. गुरुवारी दुपारी त्यांनी झाकलेली वाटी घेऊन वॉर्ड चार गाठला. स्टोअरकीपरच्या लेकीने वडिलांना उशा लावून बसवलं.

“काका, आज खरी आणली आहेत. माझ्या आईची. तुम्ही पहिल्यांदा खाल्ली होती ना, तशी.”

त्यांनी एक तुकडा तोंडात घेतला. हळूहळू चावला. मावशी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी तो कसाबसा गिळला आणि भला माणूस जसं म्हणतो तसं म्हणाले, “चांगली आहेत.”

“आणखी देऊ?”

“नको.” मग थोडं थांबून, “खरं सांगू का? रागावशील.”

“सांगा ना.”

“ही तुझी आहेत गं. छान आहेत. पण मला आमची हवी होती.”

“आमची म्हणजे?”

“आमची म्हणजे आमची! गाठोडी!” म्हातारा चक्क चिडला. “कोबीची. बायको गेली तेव्हा घरी चूल पेटत नव्हती. महिनाभर इथंच खाल्ली. हिचे दात पडत होते तेव्हा हिला हीच कुस्करून दिली. ताप आला की हीच. आता ते सगळं सोडून हे दुसऱ्याच्या घरचं कशाला आणलंस?”

“बाबा!” लेक ओशाळली.

मावशी मात्र खुर्चीवरून उठल्या. “पाच मिनिटं थांबा,” म्हणाल्या. “झोपू नका हं.”

लिफ्टसाठी न थांबता त्या तीन जिने उतरल्या. गुडघे कुरकुरत होते. कोपऱ्यातल्या शेगडीवर दुसऱ्या खेपेची गाठोडी नुकतीच शिजली होती. रोजचीच, कोबी-गाजराची, कोणाच्याही ताटात जाणारी. त्यांनी त्यातली चार उचलली. हात भाजला तरी कळलं नाही.

गाठोडी करू लागल्यापासूनची ही सव्वीस वर्षं त्या समजत आल्या होत्या, की आपण इथल्या लोकांना आपल्या आईच्या पदार्थाची सावली विकतो आहोत. मनात कुठेतरी लाज होती, आईची क्षमा मागायची राहून गेल्यासारखी. आणि आज एका म्हाताऱ्याने आईचा पदार्थ परक्याचा म्हणून बाजूला सारला, तरी वाईट कसं वाटलं नाही? जिना चढताना त्यांना उलट हसू येत होतं. त्या कोपऱ्यात त्यांनी नकळत एक नवीनच वस्तू केली होती. ती त्यांच्या गावची नव्हती आणि त्यांच्या येण्याआधी इथलीही नव्हती. एकाने ‘कमी कर’ म्हटलं आणि दुसरीने केलं, त्यातून ती झाली.

स्टोअरकीपरनी दोन गाठोडी खाल्ली. तिसरं अर्धं. मग ओठ पुसून म्हणाले, “मिरपूड जरा जास्त आहे आज.”

“मेजरच्या हातची आहेत,” मावशी धडधडीत खोटं बोलल्या.

“तरीच.”

त्यांची लेक तोंड फिरवून खिडकीकडे बघत उभी राहिली. तिच्या खांद्यांवरून मावशींना कळलं, पण त्यांनी तिला हाक मारली नाही.

शुक्रवारी सकाळी मावशी स्वतःच मॅडमच्या खोलीत गेल्या. त्या खोलीतल्या खुर्चीवर त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या. आज मॅडमनी बसा म्हणायच्या आधीच बसल्या.

“नेहमीच्या रकान्यात टाका,” त्या म्हणाल्या.

“नक्की? तुमचा कोपरा...”

“कोपरा काय मी घरी नेणार आहे का पाठीवर बांधून? मॅडम, माझी आठ महिन्यांत सुट्टी. ह्या आठ महिन्यांत मी मेजरच्या माणसांना शिकवते. पारी पातळ लाटायला शिकवते, बांधायला शिकवते. मशीनवर करू नका एवढंच लिहा. आणि नाव ‘गाठोडी’च ठेवा. माझ्या भाषेतलं घालू नका, पेशंटना ठसका लागेल.”

मॅडम हसल्या आणि लिहू लागल्या. मावशी उठल्या नाहीत.

“आणखी काही?”

“हो. परदेशी रकाना बंद करू नका.”

“पण त्यात आता उरलंच काय? तुमचाच पदार्थ होता तो एक.”

“लॉन्ड्रीत एक नवीन बाई लागलीय. नवऱ्याबरोबर आलीय कुठून तरी, तिची भाषा मला येत नाही. दुपारी ती डबा घेऊन इस्त्रीच्या खोलीच्या मागं जाते. काल मी जाऊन बसले तिच्याजवळ. काहीतरी डाळीचं होतं, हिरवं, वाटीत जमलेलं. मला काय आवडलं नाही, खरं सांगते.” मावशींनी नाक मुरडून दाखवलं. “जीभ तुरट झाली. पण दुसऱ्या घासाला बरं वाटलं. शेगडी तिला द्या. बुधवारी बुधवारी करून बघू दे. उरलं तर मी खाईन.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “मावशी, हे मी पत्रात कसं लिहू?”

“लिहा हो तुमच्या भाषेत. तुम्ही शिकलेल्या आहात.”

ते कसं लिहिलं गेलं कोण जाणे, पण मंजूर झालं. पुढच्या महिन्यात नवे फॉर्म छापून आले. पहिल्या रकान्यात सूप, भात, बटाटा आणि त्यांच्या खाली ‘गाठोडी’, त्याच टाइपात, त्याच मापात. मावशींनी त्यातला एक फॉर्म घडी घालून लेकीला दाखवायला नेला. जावयाने विचारलं, यात काय एवढं? लेकीने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

मोठ्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. मेजर ओरडायचा आणि त्याचीच गाठोडी वाफेत सुटून सारण बाहेर यायचं. मावशी म्हणायच्या, “तुम्ही त्यांना हुकूम सोडू नका, मेजर. गोंजारा.” कोपऱ्यात लॉन्ड्रीतल्या बाईची शेगडी पेटू लागली. पहिल्या बुधवारी सहा जणांनी घेतलं. मावशींनी शब्द पाळला आणि रात्रीपर्यंत पोट धरून बसल्या.

स्टोअरकीपर त्या शुक्रवारनंतर दहा दिवसांनी घरी गेले. त्यांची लेक रोज संध्याकाळी पोस्टातून सुटल्यावर डबा न्यायला यायची, कधी चार गाठोडी, कधी तीन. मग दोन. दीड महिन्यानंतर एका सकाळी ती आली तेव्हा तिच्या हातात डबा नव्हता.

“पहाटे गेले,” ती म्हणाली. “झोपेतच. काही त्रास नाही झाला.”

मावशींनी पिठाचे हात तसेच तिच्या पाठीवर ठेवले. कोटावर पांढरे ठसे उमटले. दोघींच्याही लक्षात आले नाहीत.

रविवारी भेटायला येणाऱ्या माणसांसाठी घरी काहीतरी खायला करायचं होतं. लेक म्हणाली, “बाहेरून काही आणायचं मन होत नाही, मावशी. आमच्या घरचं असं एकच आहे. मला जमेल का? कोबी किती आणू?”

“आठ किलो आण,” मावशी म्हणाल्या. “मी येते.”

मावशी सकाळी सातलाच गेल्या. लेक, तिच्या दोन मावसबहिणी आणि शेजारच्या एक बाई, सगळ्या टेबलाभोवती बसून वळत होत्या. कुणाची गाठोडी जाडी, कुणाची वाकडी. बोलता बोलता कोणी काकांची एखादी आठवण काढायचं आणि सगळ्या हसायच्या, आणि हसता हसता एखादीचा हुंदका निघायचा. कोणी कोणाला सावरायला गेलं नाही. हात चालू होते.

दुपारी माणसं येऊ लागली तेव्हा लेकीने मावशींच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. “आता पुरे. तुम्ही बाहेर बसा. सकाळपासून उभ्या आहात.”

मावशींनी हात धुतले, केस नीट केले आणि बैठकीच्या खोलीत भिंतीकडेच्या एका खुर्चीवर जाऊन बसल्या. तिथलं कोणी त्यांना ओळखत नव्हतं. समोर टेबलावर काकांचा एक जुना फोटो होता, ओळखपत्रावरचा मोठा केलेला, त्यात ते विनाकारण रागावलेले दिसत होते.

थोड्या वेळाने एक अगदी म्हातारी बाई हातात बशी घेऊन हळूहळू चालत त्यांच्याजवळ आली. पाठीत वाकलेली, कानाने जरा कमी. ती काकांची मोठी बहीण, गावाहून आलेली. तिने मावशींच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. हा चेहरा या भागातला नाही, हे तिच्या लगेच ध्यानात आलं, आणि एखाद्या पाहुणीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ती शेजारीच खुर्ची ओढून बसली.

“घ्या,” तिने बशी पुढे केली. “लाजू नका हो. तुमच्याकडे नसेल करत, पण खाऊन तर बघा. ह्याला गाठोडी म्हणतात.”

मावशींनी दोन्ही हातांनी बशी घेतली.

“माझ्या भावाला लहानपणापासून आवडायची,” म्हातारी म्हणाली. “आमची आई करायची ना.”

मावशींनी एक गाठोडं उचललं. ते जरा वाकडं होतं, बहुतेक लेकीच्या हातचं. त्यांनी ते शेवटच्या घासापर्यंत खाल्लं आणि मग म्हातारीला ऐकू जावं म्हणून तिच्या कानाजवळ वाकून विचारलं,

“फार छान झालंय. कसं करतात हो हे?”

म्हातारीचा चेहरा खुलला. तिने पदर सावरला, खुर्ची आणखी जवळ घेतली आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पीठ कसं चाळायचं, कोबी किती बारीक चिरायचा. दोन ठिकाणी तिचं चुकलं. मावशी मान हलवत ऐकत राहिल्या.